जाहिरात तुमची, शेजार कुणाचा?

वाचकाचं पत्र:

«ताई, आमचा कांदा-लसूण मसाल्याचा छोटा उद्योग आहे. बचत गटातल्या अकरा जणी मिळून करतो. पाकिटावर सासूबाईंचा फोटो आहे, कृती मूळ त्यांचीच. गेल्या वर्षापासून पुतण्या यूट्यूबवर जाहिरात करतो, महिन्याला ८,००० रुपये जातात. मागच्या आठवड्यात पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी स्क्रीनशॉट पाठवला. एक माणूस कुठल्याशा मुलीच्या नावाने घाणघाण बोलतोय असा व्हिडिओ, आणि तो सुरू व्हायच्या आधी आमच्या आईंचा पदर घेतलेला हसरा फोटो. खाली बाईंनी एवढंच लिहिलं होतं, ‘हे तुम्हाला चालतं का?’ मला दोन दिवस जेवण गेलं नाही. पुतण्या म्हणतो, ‘काकू, व्ह्यू तो व्ह्यू. जाहिरात मशीन लावतं, लोकांना कळतं ते. मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती पण तिथेच असतात.’ मोठ्या कंपन्या खरंच असल्या जागा टाळतात का? टाळत असतील तर का? आणि पुतण्याकडून हे काम काढून घेऊ का?
— एक मसालेवाली, कोल्हापूर जिल्हा»

मसालेवाल्या ताई,

पुतण्याचं एक म्हणणं खरं आहे, ते आधी त्याच्या पदरात टाकते. ती जाहिरात त्या व्हिडिओवर कुणा माणसाने लावलेली नाही. तुम्ही ८,००० रुपये देऊन व्हिडिओ विकत घेत नाही, बघणारी माणसं विकत घेता. पुतण्याने माहिती भरताना लिहिलं असणार: बायका, वय पंचवीस ते पंचावन्न, कोल्हापूर-सांगली-पुणे, स्वयंपाकाची आवड. त्या वर्णनात बसणारा फोन यंत्र शोधतं आणि तो फोन जिथे जाईल तिथे तुमची जाहिरात त्याच्या मागे जाते. त्या दुपारी पुण्याच्या बाईंचा फोन त्यांच्या नातवाच्या हातात असला, तरी यंत्राच्या लेखी तो स्वयंपाकाची आवड असलेल्या बाईंचाच फोन. व्हिडिओवर बोट ठेवल्यापासून तो सुरू होईपर्यंतच्या क्षणभरात जागेचा लिलाव होतो, तुमची बोली लागते आणि आईंचा फोटो पडद्यावर येतो. यात तुमच्याकडून काही पाप घडलेलं नाही. आधी नीट जेवा.

मी वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात होते तेव्हा हे सगळं उलटं होतं. संध्याकाळी आमच्याकडून पानांची डमी संपादकीय विभागात जायची. कुठल्या पानावर किती जाहिराती, कुठल्या कोपऱ्यात, ते तीत आखलेलं असायचं आणि उरलेल्या जागेत बातम्या बसायच्या. सराफाच्या जाहिरातीला लागून दरोड्याची बातमी आली, तर पान लावणाराच ओरडायचा. विमान कोसळल्याच्या दिवशी विमान कंपनीची जाहिरात मुकाट्याने उचलली जायची, कंपनीचा फोन यायच्या आधीच. शेजार बघायला माणूस होता. तो माणूस आता गेला आणि त्याचं काम जाहिरात देणाऱ्याच्या गळ्यात पडलं. फक्त तसं त्याला कुणी सांगितलं नाही.

मोठ्या कंपन्यांनाही हे उशिराच कळलं. २०१७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’ने छापलं, की नामांकित कंपन्यांच्या आणि खुद्द ब्रिटिश सरकारच्या जाहिराती यूट्यूबवर दहशतवाद्यांच्या आणि वंशद्वेष पसरवणाऱ्यांच्या व्हिडिओंवर झळकताहेत. मग जी रांग लागली! ब्रिटिश सरकारने जाहिराती थांबवल्या, मार्क्स अँड स्पेन्सरने थांबवल्या, एचएसबीसी बँकेने थांबवल्या. हावास या जाहिरात संस्थेने ब्रिटनमधल्या आपल्या सगळ्या ग्राहकांच्या जाहिराती एकदम काढून घेतल्या. काही दिवसांतच अमेरिकेत एटी अँड टी, व्हेरायझन, जॉन्सन अँड जॉन्सन बाहेर पडल्या. गुगलच्या युरोपातल्या प्रमुखाला भर परिषदेत माफी मागावी लागली. म्हणजे पुतण्या म्हणतो ते बरोबर, मोठ्यांच्याही जाहिराती ‘तिथेच’ होत्या. पण कळल्यावर त्या तिथे राहिल्या नाहीत, हा भाग त्याने गाळला. २०१९ मध्ये लहान मुलांच्या व्हिडिओंखाली विकृत माणसं काय काय लिहितात हे उघड झालं, तेव्हा नेस्ले आणि डिस्नेने तेच केलं.

आता ‘का’. कुणी तुम्हाला सांगेल, की या कंपन्यांची मूल्यं फार उंच असतात. मी त्यांच्या बैठकांमध्ये बसले आहे, तिथे मूल्यांची चर्चा चहा येईपर्यंत चालायची. खरं कारण साधं आहे. कंपनीला ती एक जागा सोडण्याची किंमत शून्य असते. तेच गिऱ्हाईक तिला पाच मिनिटांनी पाककृतीच्या व्हिडिओवर सापडणार असतं, क्रिकेटच्या बातमीवर सापडणार असतं. उलट त्या जागी राहण्याची किंमत किती हे कुणालाच आधी सांगता येत नाही. हजार वेळा काहीच होत नाही. एक हजार एकाव्या वेळी कुणीतरी स्क्रीनशॉट काढतं. आणि जाहिरातीचा विभाग सांभाळणाऱ्या माणसाचं गणित तर त्याहून सरळ असतं: स्वस्तात जागा मिळवली म्हणून त्याला कुणी बढती देत नाही, पण संचालकाच्या बायकोने तो स्क्रीनशॉट पाहिला तर सोमवारी सकाळी बोलावणं येतं. तुमच्या कारखान्यात हा विभाग म्हणजे तुम्हीच, त्यामुळे बोलावणं थेट तुम्हाला आलं.

स्क्रीनशॉटची ताकद पहिल्यांदा लोकांच्याच लक्षात आली. २०१६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत ‘स्लीपिंग जायंट्स’ या नावाने काही लोकांनी ट्विटरवर एक उद्योग सुरू केला. ब्राइटबार्ट या कडव्या उजव्या संकेतस्थळावर कुणाची जाहिरात दिसली, की स्क्रीनशॉट काढायचा आणि त्या कंपनीलाच विचारायचं, तुमची जाहिरात इथे आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का? बहुतेकांना ठाऊक नव्हतं. कॉर्नफ्लेक्सवाल्या केलॉगने त्याच महिन्यात तिथून जाहिराती काढल्या. शिवीगाळ नाही, मोर्चा नाही, नुसता एक सभ्य प्रश्न. तुमच्या पुण्याच्या बाईंनी नकळत तेच केलं.

पण ताई, बेअब्रूची भीती हे मोठ्यांचं कारण झालं. मला विचाराल तर तुमच्यासाठी ते दुय्यम आहे. आईंचा फोटो त्या घाणीआधी दिसला म्हणून कुणी ‘मसाला वाईट’ असं म्हणणार नाही, पुतण्याचं तेही खरं. मुद्दा पैशाचा आहे. यूट्यूबच्या कमाईच्या भागीदार योजनेत सामील झालेल्या वाहिनीला तिच्या लांब व्हिडिओंवरच्या जाहिरातीच्या उत्पन्नातले ५५ टक्के मिळतात, बाकीचे यूट्यूब ठेवतं. म्हणजे तिथे जाहिरात नुसती दिसत नाही, ती तिथे पैसे देऊन येते. त्या माणसाने एका मुलीची अब्रू काढली, लोकांनी मिटक्या मारत बघितलं, आणि त्याच्या कमाईत तुमच्या अकरा जणींच्या कांडपाचे पैसे गेले. रक्कम हास्यास्पद आहे, हे मान्य. एका बघण्याचे तुम्ही काही पैसेच मोजता, त्यातला निम्म्याहून थोडा जास्त वाटा त्याला, म्हणजे तुमच्याकडून त्याला चहाचा घोटसुद्धा सुटला नसेल. पण त्याचं पोट तुमच्यासारख्या हजारो जाहिरातदारांच्या असल्या पैशांवरच चालतं, आणि त्यातल्या एकालाही आपण त्याला पोसतोय याचा पत्ता नसतो. तुमच्या मसाल्याचं गिऱ्हाईक कोण? बायका. आणि तो कुणाच्या नावाने तोंड सोडत होता? पुण्याच्या बाईंना नेमकं हेच बोचलं असावं.

यात गळचेपी आहे का, असाही प्रश्न निघतो. २०२३ च्या नोव्हेंबरात आयबीएम, अ‍ॅपल, डिस्ने वगैरेंनी एक्सवरच्या, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवरच्या, जाहिराती थांबवल्या, कारण नाझींचं कौतुक करणाऱ्या मजकुराशेजारी मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती दिसल्याचं एका संस्थेने दाखवलं होतं आणि मालक इलॉन मस्क यांनी स्वतः एका ज्यूद्वेषी विधानाला दुजोरा दिला होता. त्यावर मस्क यांनी न्यूयॉर्कच्या व्यासपीठावरून जाहिरातदारांना चक्क शिवी हासडली. पुढच्या ऑगस्टमध्ये त्यांच्या कंपनीने जाहिरातदारांच्या जागतिक संघटनेवर खटला भरला, की हा संगनमताने टाकलेला बहिष्कार आहे. संघटनेने काही दिवसांतच सुरक्षित जागांचे निकष ठरवणारा आपला गट गुंडाळला. मोठ्या कंपन्यांनी एकत्र बसून एखाद्याचं दुकान बंद पाडावं का, हा वाद खरा आहे आणि तो कोर्टाचा विषय आहे. तुमच्या बाबतीत तो उद्भवत नाही. बोलायचा हक्क त्याचा, पण त्याच्या खोलीचं भाडं तुम्ही का भरायचं?

आपल्याकडचं उदाहरण टीव्हीचं आहे, पण तर्क तोच. २०२० च्या ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी टीआरपीतली कथित फिरवाफिरवी उघड केली, त्या सुमारास पुण्याच्या बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी जाहीर सांगितलं, की आम्ही तीन वाहिन्या काळ्या यादीत टाकल्या आहेत. समाजात विष कालवणाऱ्यांशी आमचं नाव जोडलेलं आम्हाला नको. पाठोपाठ पार्ले-जीवाल्या पार्लेनेही विखारी मजकूर दाखवणाऱ्या वृत्तवाहिन्यांवर जाहिराती देणार नाही असं कळवलं. मोटारसायकलही विकली गेली, बिस्किटंही.

पुतण्या लगेच म्हणेल, त्यांचं ठीक आहे, आपण जागा कमी केल्या तर व्ह्यू घटतील आणि दर वाढेल. दर थोडा वाढेल, हे मी लपवत नाही. चांगल्या शेजाराला मागणी जास्त असते. पण त्याला जेपी मॉर्गन चेस बँकेची गोष्ट सांगा. २०१७ मध्ये या बँकेच्या जाहिराती महिन्याला सुमारे ४ लाख संकेतस्थळांवर दिसत होत्या. एक जाहिरात नको त्या ठिकाणी सापडल्यावर त्यांनी माणसं बसवून यादी तपासली आणि ती ५,००० वर आणली. खर्चात आणि जाहिरात किती लोकांना दिसली त्यात फारसा फरकच पडला नाही. त्याच वर्षी टाइड आणि एरियलवाल्या प्रॉक्टर अँड गॅम्बलने एका तिमाहीत ऑनलाइन जाहिरातींतून १० कोटी डॉलरहून जास्त रक्कम कापली. काही जागा सुरक्षित वाटत नव्हत्या, काही जागांवर बघणारी माणसं नव्हतीच. विक्रीवर परिणाम दिसला नाही. चेस बँकेच्या बातमीनंतर आमच्या धंद्यातले बरेच लोक काही दिवस गप्प होते, कारण उरलेली ३ लाख ९५ हजार संकेतस्थळं नेमकं काय करत होती, हा प्रश्न गिऱ्हाइकाने विचारला तर उत्तर कुणाकडे नव्हतं.

आणखी एक ऐका, म्हणजे ‘मी एवढीशी, माझ्याने काय होणार’ हे डोक्यातून जाईल. २०२० च्या जुलैत द्वेषाच्या मजकुराविरुद्ध हजारावर कंपन्यांनी फेसबुकवरच्या जाहिराती थांबवल्या. युनिलिव्हर, कोका-कोला, स्टारबक्स, सगळी बडी नावं. झालं काय? फेसबुकचं जाहिरातीचं उत्पन्न २०१९ मध्ये सुमारे ७० अब्ज डॉलर होतं, ते २०२० मध्ये ८४ अब्ज झालं. कारण त्यांच्याकडे तेव्हा ८० लाखांहून जास्त जाहिरातदार होते आणि त्यातले बहुतेक तुमच्यासारखे होते: मसालेवाल्या, शिवणक्लासवाले, प्लॉट विकणारे. हा डोलारा उभा आहे तो छोट्यांच्या पैशावर. आणि छोटे बघत नाहीत, कारण बघायची सोय आहे हेच त्यांना माहीत नसतं.

सोय आहे. पुतण्याला शेजारी बसवा आणि गुगलचं जाहिरातीचं खातं उघडायला लावा. आधी जाहिराती कुठे कुठे दिसल्या त्याचा अहवाल काढा. वाहिन्यांची नावं त्यात असतात, आणि व्हिडिओची साधी मोहीम असेल तर प्रत्येकीवर किती पैसे गेले तेही. पहिल्यांदा वाचताना तुम्ही कपाळाला हात लावाल. कार्टून आणि गेमची नावं दिसली तर दचकू नका. आयांचे फोन मुलांच्या हातात असतात आणि मुलं मसाला विकत घेत नाहीत. शिव्यांचं राहू दे, नुसते हे वायफळ पैसे वाचले तरी वाढलेला दर बराचसा भरून निघेल. नको त्या वाहिन्या तिथेच वगळता येतात.

मग ‘इन्व्हेंटरी टाइप’ नावाची सेटिंग बघा. तीत तीन पायऱ्या असतात: एक्सपांडेड, स्टँडर्ड आणि लिमिटेड. आपोआप लागते ती मधली. एक्सपांडेड केली की जागा भरपूर मिळतात आणि शिवराळ, चावट व्हिडिओही आत येतात. मला दाट संशय आहे की पुतण्याने जास्त व्ह्यूंच्या मोहाने तीच लावली असावी. लिमिटेड करा. पाकिटावर सासूबाई असलेल्या घराला तीच शोभते. शिवाय मोहीम कुठल्या प्रकारची आहे ते विचारा. ‘परफॉर्मन्स मॅक्स’ असेल तर तिच्यात जागा निवडायची मुभा नसते, नको त्या फक्त वगळता येतात. व्हिडिओची साधी मोहीम असेल तर उलटा रस्ता धरता येतो: वीस-पंचवीस मराठी पाककृतींच्या, शेतीच्या, गावाकडच्या जेवणाच्या वाहिन्या तुम्ही स्वतः बघून निवडायच्या आणि जाहिरात फक्त तिथेच. तुमच्या बजेटला तेवढ्या पुरतात.

एवढं करूनही यंत्रावर विसंबू नका. इंग्रजी शिवी त्याला चटकन कळते, मराठीत मात्र ते चाचपडतं, असा माझा अनुभव आहे. त्यातून तुमचा जिल्हा कोल्हापूर. तिथे दोन मित्र भेटल्यावर पहिलं वाक्य काय असतं ते मी इथे छापू शकत नाही, आणि त्यात प्रेमाशिवाय काहीही नसतं. उलट एखाद्या मुलीचं आयुष्य उठवणारं भाषण एकही शिवी न घालता करता येतं. यंत्र पहिल्याला अडवतं, दुसऱ्याला सोडतं.

म्हणूनच एक चूक करू नका, पुतण्या ती हमखास सुचवेल. ‘काकू, खून, बलात्कार, आत्महत्या असे शब्दच ब्लॉक करून टाकू.’ नको. २०२० मध्ये मोठ्या कंपन्यांनी ‘कोरोना’ हा शब्द असलेल्या पानांवर जाहिराती नाकारल्या, आणि लोकांना खरी माहिती देणाऱ्या वर्तमानपत्रांचंच उत्पन्न बुडालं. इंग्रजीत ‘अटॅक’ आणि ‘शूट’ हे शब्द अडवले की फुटबॉलची बातमीही अडते. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या आत्महत्येवर नीट काम करणाऱ्या पत्रकाराच्या व्हिडिओला आधीच जाहिराती कमी मिळतात, त्यात आपली भर कशाला? आणि गंमत अशी, की तुम्हाला ज्याने छळलं त्या माणसाच्या तोंडी यातला एकही शब्द नसणार. वाहिनी बघून वगळा, शब्द बघून नको.

पुण्याच्या बाईंना आजच उत्तर द्या, चार ओळींचं. मशीनचं कारण त्यांना सांगू नका, ते खरं असलं तरी पळवाट वाटतं. ‘तुम्ही दाखवलंत म्हणून कळलं. ती वाहिनी बंद केली आहे. यापुढे जाहिराती कुठे दिसतात ते दर आठवड्याला तपासणार आहोत. पुन्हा दिसली तर हक्काने कळवा.’ बास. सोबत मसाल्याचं फुकट पाकीट पाठवायचा मोह होईल, तो आवरा. त्यांनी तक्रार पाकिटासाठी केली नव्हती. त्या व्हिडिओवर एका खऱ्या मुलीची बदनामी असेल, तर यूट्यूबकडे तक्रार जरूर नोंदवा. पण फेसबुकवर त्या माणसाचं नाव घेऊन निषेधाची पोस्ट टाकू नका. तुमची गिऱ्हाइकं तो व्हिडिओ शोधून बघतील आणि त्याची कमाई वाढेल.

राहिला पुतण्या. काम काढून घेऊ नका. तो आळशी नाही, त्याला फक्त एकच आकडा मोजायला शिकवलंय. त्याच्या जागी बाहेरचा माणूस ठेवलात तर तोही व्ह्यूच मोजून दाखवेल आणि वर फी घेईल. अट एकच घाला: दर सोमवारी अर्धा तास त्याने अहवाल घेऊन तुमच्यासमोर बसायचं. देठ काढताना तुमच्या बायका जशी काळी पडलेली मिरची बाजूला टाकतात, तसं एकेक नाव वाचायचं आणि नको ते बाजूला टाकायचं. नावं तो वाचेल, टाकायचं काय ते तुम्ही ठरवा. हे जानेवारीतच उरकलं तर उत्तम, कारण संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची बाजारात आली की मसाल्याच्या जाहिरातींची एकच झुंबड उडते, चांगल्या वाहिन्यांवरचा दर चढतो आणि तुम्हाला तर तेव्हा कांडपापुढे श्वास घ्यायलाही सवड नसते.